ट्यूब द्या, ती मागचीच

पोटात दुखलं तर मराठी माणूस ते फार तर दोघांना सांगतो. छातीत दुखलं तर कुणालाच सांगत नाही, गॅस झालाय म्हणतो. अंगावर चट्टा उठला की मात्र त्याला काही सांगावंच लागत नाही, लोकच येऊन सांगतात. पंगतीत शेजारी बसलेली आत्या वरणभात कालवता कालवता मनगट धरते आणि निदान करते. लिफ्टमधले तिसऱ्या मजल्यावरचे काका तळमजला येईपर्यंत औषध सांगून मोकळे होतात. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड ही ज्याची त्याची खाजगी मालमत्ता. त्वचा सार्वजनिक. ती दिसते, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा हक्क. आणि एमबीबीएस झाल्यावर पुन्हा तीन वर्षं ज्याने फक्त तिचाच अभ्यास केलाय, त्या माणसाचा नंबर या रांगेत सगळ्यात शेवटी लागतो.

सध्या हंगामच आहे. गणपती तोंडावर आलेत, पाऊस जायचं नाव घेत नाही. जाड जीन्स दोन दिवस दोरीवर टांगूनही कमरेपाशी ओलीच, आणि तीच चढवून माणसं लोकलमध्ये उभी. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, मांड्यांत गजकर्ण, पाठीवर शिबं. दवाखान्यात जावं तर मखर राहतं. म्हणून मग घरातल्या घरात सल्लागार मंडळ बसतं.

मंडळाचा पहिला ठराव आमसुलाचा. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळा आणि घोंगडीत गुंडाळून बसा. आमसुलाशी माझं भांडण नाही. गार पाण्याने खाज जरा निवते, आणि पित्ताच्या गांधी बहुतेक वेळा काही तासांत आपण होऊनच जिरतात, त्यामुळे आमसुलाची कीर्ती अबाधित राहते. घोंगडीचं मला कळलेलं नाही. उकाडा आणि लोकर या दोन्हींनी खाज वाढते हे कुठलाही मेंढपाळ सांगेल. ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, तर मात्र आमसुलाची बरणी शोधू नका, रिक्षा शोधा.

दुसरा ठराव चामखिळीचा. तिला घोड्याचा केस बांधायचा. शहरात घोडा कुठून आणायचा हा प्रश्न कुणाला पडत नाही, वरातीला येतोच. मग नवरदेव वर, आणि खाली त्याचे दोन मामा शेपटीपाशी. विषाणूमुळे येणाऱ्या चामखिळी बऱ्याचदा काही महिन्यांनी आपण होऊन जातात. श्रेय घोड्याला. ज्याला मधुमेह आहे त्याने असला केस करकचून बांधला आणि जखम चिघळली, तर दोष मात्र घोड्याला कुणी देत नाही, "तुझी शुगरच जास्त" म्हणतात.

तिसरा ठराव चाईचा. डोक्यावर रुपयाएवढा गोल गुळगुळीत डाग पडला की रात्री झुरळाने केस खाल्ले असं निदान होतं आणि कांदा चोळला जातो. झुरळ निर्दोष आहे. आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटलेली असते. डाग लहान असेल तर पुष्कळांचे केस काही महिन्यांत परत येतात. श्रेय कांद्याला.

असं हे श्रेयाचं राजकारण. जो आजार आपल्या पायांनी जाणार आहे, त्याला निरोप द्यायला दारात उभं राहायचं आणि मीच हाकलला म्हणायचं. मंत्रालयात चालतं, मग माजघरात का चालू नये?

पण नागिणीपाशी आलं की गंमत संपते. नागीण आली की गावातला, आणि आता शहरातलाही, नागीण उतरवणारा बाबा शोधला जातो. तो काव लावतो, काहीतरी पुटपुटतो, अमुक खाऊ नका म्हणतो. सोबत एक धमकी असतेच: नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती जुळलं की माणूस गेला. ऐकणाऱ्याची अर्धी ताकद इथेच जाते. खरं म्हणजे ही नागीण बाहेरून येतच नाही. लहानपणी कांजिण्या झाल्या, बऱ्या झाल्या, पण त्यांचा विषाणू घर सोडून गेला नाही, मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहिला. वय वाढलं, प्रतिकारशक्ती मंदावली की तो उठतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. मज्जातंतू पाठीच्या कण्यापासून एकाच बाजूला जातो, म्हणून फोडांचा पट्टाही एकाच बाजूला येतो आणि मध्यरेषेपाशी थांबतो. तोंड आणि शेपूट जुळणं सहसा तिच्या रचनेतच नाही. बाबाला हे ठाऊक नसतं, पण त्याच्या धंद्याला ते फार सोयीचं पडतं. जे जवळपास कधीच होत नाही, ते मी होऊ दिलं नाही, एवढाच त्याचा दावा.

दोन ते चार आठवड्यांत फोड सुकतात. बाबाला नारळ, उपरणं, पाचशे एक. विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा उपयोग पुरळ उठल्यापासून पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर. ते तीन दिवस बाबाचा पत्ता काढण्यात गेलेले असतात. पुढे फोड जातात आणि दुखणं उरतं. उतारवयात ते महिनोन्महिने उरतं, सदऱ्याचा नुसता स्पर्शही सहन होत नाही. फोड कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर आले असतील तर डोळ्याला धोका असतो, तिथे एक दिवसही घालवायचा नसतो. नागिणीवरची लस आता भारतातही मिळते. महाग आहे. पन्नाशी उलटलेल्यांनी तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. बाबांना विचारू नये, त्यांचा धंदा आहे.

नागिणीला निदान मंत्र तरी म्हणावा लागतो. गजकर्णाला तेवढेही कष्ट नाहीत. औषधाच्या दुकानात जायचं, दोन गिऱ्हाईकं जाईपर्यंत च्यवनप्राशच्या डब्यावरचा मजकूर वाचत उभं राहायचं आणि मग काउंटरवर वाकायचं.

"खाजतंय."

"कुठे?"

"इथे... खाली."

"ही घ्या."

झाली तपासणी. देशातली सगळ्यात जलद ओपीडी. पुढच्या वेळी तर "खाजतंय" एवढंही बोलावं लागत नाही, "ती मागचीच" म्हटलं की ट्यूब हातात. मागची म्हणजे तीच, जिने दोन दिवसांत खाज घालवली होती. मग पुन्हा का आलात, असा प्रश्न दुकानदार विचारत नाही, गिऱ्हाईकही स्वतःला विचारत नाही.

त्या ट्यूबमध्ये काय असतं, ते वाचायला भिंग लागतं. एकात चार, कधी पाच औषधं. बुरशीवर एक. जंतूंवर ऑफ्लोक्सॅसिन. शिवाय ऑर्निडाझोल. ही शेवटची दोन नावं ओळखीची वाटली असतील तर बरोबर आहे, हीच जोडी जुलाबाच्या गोळीत असते. मांडीच्या गजकर्णाला जुलाबाचं औषध कशाला, याचं उत्तर औषधशास्त्रात सापडणार नाही, विक्रीखात्यात सापडेल. आणि या सगळ्यांच्या मागे, छोट्या अक्षरात, खरा नायक: क्लोबेटासॉल. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांमध्ये सर्वांत जहाल वर्गातलं. खाज तोच थांबवतो. बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये.

गजकर्ण ही बुरशी आहे, आपल्या त्वचेतलं केराटिन खाऊन जगणारी. खाज आणि लाली ही बुरशीची कामगिरी नव्हे, ती शरीराने केलेली ओरड आहे. स्टिरॉइड ती ओरड बंद करतं. घरात चोर शिरलाय, दारातला कुत्रा भुंकतोय आणि आपण कुत्र्याला झोपेची गोळी दिली, असा हा प्रकार. रात्र शांत जाते, चोरही निवांत काम करतो. ट्यूब थांबवली की कुत्रा जागा होतो आणि दुप्पट भुंकतो. मग पुन्हा गोळी.

काही महिन्यांनी हे गजकर्ण गजकर्णासारखं दिसेनासंच होतं. कडेची उठावदार गोल किनार पुसट होते, कधी वर्तुळात वर्तुळ उमटतं, कधी चट्टा पोटापर्यंत, पाठीपर्यंत पसरतो. वेष पालटलेल्या या गजकर्णाचं पहिलं वर्णन दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ साली केलं. त्वचेवर हायड्रोकॉर्टिसोन लावायची सुरुवात १९५२ सालची. म्हणजे औषध आल्यावर सोळा वर्षांत त्याचा गैरवापर वैद्यकीय नियतकालिकात जाऊन पोचला होता. आपण त्याची देशी आवृत्ती काढली, खप वाढवला.

जांघेत महिनोन्महिने हा प्रयोग चालला की तिथली त्वचा पातळ होते आणि बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे उमटतात. ते पट्टे जात नाहीत. पंचविशीतला मुलगा डॉक्टरांना विचारतो, "हे कधी जाणार?" डॉक्टर विषय बदलतात.

सरकार झोपलं होतं का? नाही, अधूनमधून जागं होत होतं. २०१६ च्या मार्चमध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी आली. कंपन्या कोर्टात गेल्या. प्रकरण फिरून फिरून २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ३२८ औषधांवर पुन्हा बंदी आली. त्यात अशी काही मलमंही होती. एक मिश्रण बंद झालं की त्यातला एक घटक बदलून त्याचा चुलतभाऊ बाजारात येतो, खोका जवळपास तोच, रंग तोच, गिऱ्हाईकाला फरक कळत नाही आणि कळू नये अशीच योजना असते. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची एक यादी आहे, शेड्यूल एच. गोळी आणि इंजेक्शनं तीत होती, पण लावायच्या औषधांना सूट होती. जणू त्वचेवर लावलेलं शरीरात जातच नाही. २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमांची ही सूट निघाली. त्यामुळे आता खोक्यावर सूचना छापलेली असते: नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावे. दुकानदार ती सूचना वाचतो की नाही माहीत नाही. ट्यूब देताना त्याचा अंगठा नेमका तिच्यावर असतो.

इकडे बुरशी रिकामी बसलेली नव्हती. अर्धवट औषध, भरपूर स्टिरॉइड, दमट हवा आणि घट्ट कपडे एवढा थाट मिळाल्यावर तिने प्रगती केली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांमध्ये सापडलेल्या एका बुरशीला नवं नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. वर्षानुवर्षं हुकमी समजलं गेलेलं टर्बिनाफिन तिच्यावर बऱ्याचदा चालत नाही. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सीडीसीने न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांची नोंद प्रसिद्ध केली. दोघींना हीच बुरशी. एक बांगलादेशाला जाऊन आलेली, दुसरी कुठेच गेली नव्हती. आपल्या आंब्याला अमेरिकेत जायला किरणोत्साराची परीक्षा द्यावी लागते. बुरशीला व्हिसाही विचारला नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, दुकानदाराला झोडपणं सोपं आहे. खरंच सोपं आहे. जी बाई चार घरची धुणीभांडी करते, तिच्या हाताला इसब झालंय आणि साबण तर सोडता येत नाही, तिने त्वचारोगतज्ज्ञाकडे अर्धा दिवस घालवायचा तर खाडा पडतो. तालुक्याच्या गावात त्वचेचा डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदा येतो, तोही बाजाराच्या दिवशी. दुकानदार रात्री दहापर्यंत उघडा असतो आणि तपासणी फी घेत नाही. तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझं भांडण एसी गाडीतून दुकानापाशी उतरणाऱ्याशी आहे. मोबाइलच्या काचेला ओरखडा उठला तर तो कंपनीचंच अधिकृत सर्व्हिस सेंटर शोधतो. स्वतःच्या कातडीला कुणीही चालतो.

आता चेहऱ्याकडे येऊ, कारण चेहऱ्याला जांघेइतकी लाज नसली तरी घाई जास्त असते. डिसेंबरमध्ये लग्न आहे. मुलीच्या गालावर वांग आलाय, किंवा काहीच आलं नाहीये, नुसती ती सावळी आहे. ही दोन्ही प्रकरणं आपल्याकडे एकाच काउंटरवर जातात. तिथे एक तिहेरी मलम मिळतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड. या त्रिकुटाची मूळ कल्पना १९७५ सालची, क्लिगमन यांच्या नावाने ओळखली जाणारी. वांगासाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली, काही आठवडे लावायची. आपण ती क्रीम म्हणून लावतो. सकाळी पावडरीच्या आधी, रात्री झोपताना, वर्षानुवर्षं. जाऊबाई लावते म्हणून नणंद लावते. योगायोग असा की त्याच १९७५ साली एक प्रसिद्ध गोरेपणाची क्रीमही बाजारात आली. तिच्या नावातला गोरेपणा जायला २०२० साल उजाडलं. नावातला.

तिहेरी मलमाने पहिला महिना चेहरा खरोखर उजळतो. मैत्रिणी विचारतात, काय लावतेस गं? मग उन्हात गेलं की आग, गालावर लाल शिरांचं जाळं, मुरूम, हनुवटीवर लव. मलम बंद करावं तर चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून पुन्हा मलम. दारूच्या बाबतीत याला व्यसन म्हणतात आणि घरचे रडतात. इथे घरचे नवी ट्यूब आणून देतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांपुढे असे इतके चेहरे आले की त्यांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलं: टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. जगाच्या वैद्यकशास्त्राला आपण शून्य दिलं, प्लास्टिक सर्जरी दिली असं व्हॉट्सअॅपवर रोज येतं. हे योगदान कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि ज्या क्रीमच्या डबीवर कंपनीचं नाव धड नाही, घटक छापलेले नाहीत, ब्यूटिशियनताईंनी "बाहेरून मागवलीय" म्हणून दिलेली असते, तिची कथा आणखी निराळी. अशा क्रीममध्ये पारा सापडतो. तो रंग बनवणारी प्रक्रिया रोखतो, म्हणून गोरेपणा येतो. आणि त्वचेतून आत जातो, म्हणून मूत्रपिंड बिघडतं. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना एका दुर्मीळ विकाराचे रुग्ण एकामागून एक यायला लागले तेव्हा कोडं पडलं. चौकशी करता करता बहुतेकांच्या घरात गोरेपणाची क्रीम निघाली. ते लांब केरळात, असं म्हणून सुटका नाही. आपल्या अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडालाही अशीच क्रीम भोवली आणि तिचा छडा लागला मुंबईच्या केईएममध्ये. सौंदर्यप्रसाधनांत नकळत आलेल्या पाऱ्याची कायदेशीर मर्यादा दहा लाखांत एक भाग एवढी आहे. ब्यूटिशियनताईंच्या डबीला ही मर्यादा कुणी वाचून दाखवलेली नाही.

काळ्याला गोरं करायची ही धडपड, आणि त्याच घरात पांढरा डाग दिसला की सगळ्यांची पाचावर धारण. मुलाच्या गालावर फिकट चट्टे दिसले की आजी म्हणते जंत झालेत, शेजारीण म्हणते कॅल्शियम कमी. मुलाला जंताचं औषध मिळतं, कॅल्शियमही मिळतं, चट्टे जागच्या जागी. बहुतेक वेळा तो कोरड्या त्वचेचा साधा प्रकार असतो, साधं मॉइश्चरायझर लागतं. आणि डाग खडूसारखा पांढरा असेल तर मग मासे खाऊन दूध प्यायल्याचा आरोप होतो. माशांनी आणि दुधाने काही केलेलं नाही. कोड म्हणजे प्रतिकारशक्ती रंगपेशींवर उलटणं. ते संसर्गजन्य नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ मध्ये 'नितळ' नावाचा चित्रपट याच विषयावर काढला. तेव्हा लोकांनी डोळे पुसले. नंतर स्थळ बघताना "मुलीला डाग वगैरे नाहीत ना?" हा प्रश्न पूर्वीसारखाच विचारला. डाग लहान असताना डॉक्टरकडे गेलं तर रंग परत येण्याची शक्यता चांगली असते, पण घरचे तेवढ्यात पूर्ण बाह्यांचे ड्रेस शिवून घेतात.

एक डाग मात्र असा असतो की तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही. काहीच त्रास नाही म्हणून माणूस खूश असतो. हा डाग कुष्ठरोगाचा असू शकतो. डॉक्टर कापूस फिरवून बघतात, एवढी साधी तपासणी. आपल्या विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा आजार अजून सापडतो. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि सुरू केल्यावर थोड्याच काळात संसर्गाचा धोका संपतो. घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोगाचं नाव कायद्यातून निघालं २०१९ साली. तोवर जोडीदाराला महारोग झाला म्हणून काडीमोड मागायची सोय होती. जिच्या घोरण्यामुळे नवऱ्याची झोप उडाली, तिला कायद्याने कधी असा धोका नव्हता.

तर आता जायचं ठरलं असं समजू. कुणाकडे? पाट्या सगळीकडे आहेत. स्किन, हेअर, लेझर, ग्लो, स्टुडिओ, लाउंज. ज्या दुकानात पूर्वी झेरॉक्स होतं तिथे आता एस्थेटिक सेंटर आहे. पाटीवरचा हसणारा चेहरा बघू नका, खालची छोटी अक्षरं बघा. एमडी किंवा डीएनबी, त्वचारोग; नाहीतर डीव्हीडी, डीडीव्ही अशी पदविका. आणि नोंदणी क्रमांक. कॉस्मेटॉलॉजीची सहा महिन्यांची प्रमाणपत्रं फ्रेममध्ये फार सुंदर दिसतात, फ्रेम बघून परत या. पदवी असलेल्यांतही काही आहेत जे गजकर्णाचा पेशंट आला की कंटाळतात आणि गोरेपणासाठी ग्लुटाथायोनची सलाइन लावायची म्हटलं की उल्हसित होतात. गोरेपणासाठी तिला आपल्याकडे मान्यता नाही. असा उल्हास दिसला तर उठावं.

पैसे नसतील तर केईएम आहे, जेजे आहे, सायन आहे, पुण्यात ससून आहे, जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात विभाग आहेच. गर्दी असते, बाकडं कडक असतं, पण समोरचा डॉक्टर दिवसात जेवढी गजकर्णं बघतो तेवढी खाजगीतला महिन्यात बघत नाही. अडचण एकच, पाटी. 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. त्या 'व'मुळे माणूस कॉरिडॉरमध्ये तीन फेऱ्या मारतो, ओळखीचं कुणी नाही ना बघतो आणि शेवटी डोळ्यांच्या विभागात जाऊन बसतो. गाल सुजलेल्या माणसाला वाटतं लोक काय म्हणतील. लोकांना काही म्हणायचं नसतं. तेही खाजवत तिथेच बसलेले असतात.

आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो: आजवर काय काय लावलं? उत्तर ठरलेलं: काही नाही. मग बरोबर आलेली बायको पिशवी उघडते. पिळून सुरनळी झालेल्या ट्यूब, एसटी स्टँडवरची लाल बाटली, कुणीतरी नेपाळहून आणलेली डबी, जळगावच्या मामांनी पाठवलेलं हिरवं तेल. ती पिशवी लपवू नका. डॉक्टरला तिचा उपयोग रक्ताच्या अहवालापेक्षा जास्त होतो, कारण हल्ली निम्मा वेळ त्याला मूळ आजाराचा नव्हे, त्यावर झालेल्या उपचारांचा उपचार करावा लागतो. तो त्वचेवरची कोंड्यासारखी पूड खरवडून पोटॅशच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघेल. स्वस्तातली तपासणी आहे, दहा-पंधरा मिनिटांची. मग म्हणेल, गोळ्या सहा आठवडे, चट्टा गेला तरी मलम थांबवायचं नाही, टॉवेल वेगळा, कपडे उलटे करून उन्हात. आणि एक वाक्य जे कुणालाच आवडत नाही: घरात आणखी कुणाला असेल तर त्यांनाही घेऊन या.

हे वाक्य खरजेच्या वेळी तर फारच अडचणीचं होतं. खरूज एका बारीक किड्याची, तो त्वचेत बोगदे करतो, रात्री खाज वाढवतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती. घाणीमुळेच होते असंही नाही, रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही होते, अंगाला अंग लागलं की पुरे. उपाय सोपा आहे: पर्मेथ्रिनचं मलम, रात्री मानेपासून तळव्यापर्यंत, नखांच्या खाली, कुठलीही जागा न सोडता, सकाळी अंघोळ. आठवड्याने पुन्हा एकदा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. आई लावते, मुलं दंगा करत लावतात, आजीच्या पाठीला सून लावते. काका लावत नाहीत. काका पेपर वाचत म्हणतात, "मला कुठे खाजतंय?" बरोबर आहे. पहिल्यांदा किडा शिरला की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. गणपतीत शिरलेल्या किड्यावर काका दिवाळीच्या फराळाला खाजवायला लागतात, आणि तोवर घरात नागपूरचे पाहुणे गाद्या घालून झोपलेले असतात.